चाकात भरलेली लोकर

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे, हे मला माहीत आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आईला सही येते, वडिलांना मेंढरं मोजता येतात, आणि घरात छापलेला कागद म्हणजे रेशनकार्ड, माझे निकाल आणि बियाण्यांच्या दुकानाचं एक कॅलेंडर. अशा घरातल्या मुलानं पुस्तकात शोभेल असं काही लिहायला बसावं, हे माझं मलाच आगाऊपणाचं वाटतं. त्यातून मला सांगितलेला विषय अगदी साधा होता. कॉलेजच्या वार्षिकांकाचं काम पाहणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "तू त्या रिमोटच्या गाड्यांमध्ये असतोस ना, त्यांचे प्रकार सांग. कुठली कशासाठी चांगली. दोन पानं पुरेत." मी दोन पानं लिहिली. तिसऱ्या पानावर एका माणसाचा राग आला आणि तो थांबेना. मॅडमना मी पहिली दोन पानंच दिली. हे उरलेलं आहे. त्यात थोडं पुन्हा सांगावं लागेल, कारण गाड्या कळल्या नाहीत तर भांडणही कळणार नाही.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीत आहे. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत रिमोटच्या गाड्यांचा एक गट चालतो. दुकानात मिळणारी खेळणी वेगळी आणि या वेगळ्या. या गाड्यांना धक्के झेलणारे खरे शॉकअब्सॉर्बर असतात, खरा एक्सल असतो, गिअर असतात, आणि मोडलेला भाग तेवढाच बदलता येतो. डांबरावर पळणाऱ्या गाड्या आमच्याकडे नाहीत. माती-दगडात चालणाऱ्याच आहेत, आणि त्यांच्यात जाती आहेत.

पहिली बगी. बुटकी, हलकी, चारी चाकं उघडी, पोट जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर. तिची मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बन नसतात, त्यामुळे जोर जास्त आणि झीज कमी. सपाट मातीवर ती सुटली की डोळा मागे राहतो. वळणावर शेपूट टाकते, छोट्या उंचवट्यावरून उडून चारी चाकांवर उतरते. पण वाटेत नारळाएवढा दगड आला की पोटावर बसते आणि चाकं हवेत फिरवत राहते. दुसरी ट्रगी, म्हणजे मोठ्या चाकांची जाड बगीच. तिसरी शॉर्ट कोर्स ट्रक. तिची चाकं बॉडीच्या आत झाकलेली असतात, म्हणून गर्दीच्या शर्यतीत धक्के खाऊनही ती टिकते. चौथी मॉन्स्टर. उंच, दांडगी, कलिंगडासारखी चाकं. ती उड्या मारते, उलटते, आणि हुशार चालवणारा असेल तर गॅस देऊन स्वतःच पुन्हा उभी राहते. बघायला आलेल्या लोकांना हीच आवडते. एक नायट्रो इंधनावर चालणारी गाडीही आहे. तिचा आवाज आणि धूर खरा, पण सकाळच्या गारव्यात ती सुरू होईपर्यंत लोक चहा पिऊन येतात. तिला आम्ही कपाटात ठेवली आहे.

शेवटची क्रॉलर. तिला वेग असा नाहीच. माणूस शेजारून चालत जाऊ शकतो, मध्येच थांबून चप्पल नीट करू शकतो. पुढे-मागे सलग एक्सल, डाव्या-उजव्या चाकांना एकत्र बांधणारा गिअर. म्हणून एक चाक हवेत असलं तरी दुसरं जमीन ओढत राहतं. दगडावर ती चढते ती बोटं फिरवून जागा शोधल्यासारखी. सुरुवातीला मलाही ती आवडली नव्हती. मला बगी आवडायची.

बगी चालवायचा आमचा कॅप्टन. तो माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे होता. सांगलीचाच, घरचा हळदीचा व्यापार, बोलायला मोकळा. प्राचार्यांशी बोलताना आणि कँटीनवाल्याशी बोलताना त्याचा आवाज एकच असायचा. मला ते जमत नाही, म्हणून मला त्याचं कौतुक होतं. पहिल्या वर्षी मी दारात उभा राहून बघत होतो तेव्हा त्यानंच माझ्या हातात सोल्डरिंगची बंदूक दिली आणि म्हणाला, "बघत काय बसतोस, ही वायर लाव." मी शिकलो ते त्याच्याकडून. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे ते सोडता येत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा फेब्रुवारीत कॉलेजचं तांत्रिक प्रदर्शन होतं. आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, पण दिवाळीनंतर वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतात. ऊस तुटलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, कारण लेंड्या आणि मूत म्हणजे खतच. त्या वेळी खांड, म्हणजे आमचा कळप, इस्लामपूरच्या अलीकडे होतं. वडिलांनी एका गड्याच्या हवाली मेंढरं केली आणि एसटीनं मला भेटायला आले. मी बोलावलं नव्हतं. मी प्रदर्शनात आहे एवढंच त्यांना आईकडून कळलं होतं.

मैदानात पाण्यानं माती दाबून आम्ही बगीसाठी ट्रॅक केला होता. बाजूला दोरी, दोरीमागे माणसं. मी एका टोकाला चार्ज झालेल्या बॅटऱ्या घेऊन उभा होतो. वडील समोरच्या बाजूनं दोरीखालून वाकून आत आले. त्यांना मी दिसलो होतो, आणि दोरी कशासाठी आहे हे त्यांना कळलं नसावं. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ते सरळ ट्रॅक ओलांडून माझ्याकडे निघाले.

कॅप्टनच्या हातात रिमोट होता. त्यानं बगी त्यांच्या दिशेनं सोडली आणि अगदी पायाजवळून वळवली. लोक हसले. त्यानं पुन्हा वळवली. आता बगी वडिलांभोवती गोल फिरू लागली, धूळ उडवत. वडील घाबरले नाहीत. आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं. काठी आडवी धरली, दोन पावलं बाजूला सरकले आणि कळपातून फुटलेल्या मेंढराला वळवतात तसे ओरडले, "हुर्रर्र. हुर्रर्र." मग काठीचं टोक गाडीपुढे टेकवून तिला वळवायला लागले. मैदान हसण्यानं फुटलं. माझ्या शेजारचा मुलगा मला म्हणाला, "कोण रं ह्यो? कुठनं आलाय?"

मी काही बोललो नाही.

शेवटच्या फेरीत बगी वळली नाही. तिचा पुढचा भाग वडिलांच्या नडगीवर बसला. ते खाली बसले. कॅप्टन धावत आला, त्यानं त्यांना हात दिला, "काका, लागलं का?" वडील म्हणाले, "न्हाई न्हाई, लागलं न्हाई. खेळा तुमी." नडगीवरून रक्त येत होतं. मी बॅटऱ्या खाली ठेवल्या, गर्दी पांगेपर्यंत थांबलो, आणि मग त्यांना गेटच्या बाहेर गाठलं. स्टँडवर त्यांना नळाखाली पाय धुवायला लावला. ते म्हणाले, "लय चपळ जनावर हाय. वळत होतं पन." मग थोड्या वेळानं, "ती पोरं तुझं दोस्त व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो.

कुणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. त्यावर मेंढरांचं बें-बें चिकटवलं आणि तो तुकडा हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरला. चार दिवसांनी माझ्या खोलीतल्या मुलानं माझ्याकडचा वडिलांचा फोटो पाहिला आणि मग सगळ्यांनाच कळलं. मेसच्या रांगेत माझ्या मागून "हुर्रर्र" ऐकू यायला लागलं. जिन्यात, बाथरूमबाहेर, परीक्षेच्या हॉलच्या दारातही.

कॅप्टन खोलीवर आला. म्हणाला, "अरे, मला काय माहीत ते तुझे वडील आहेत? सांगायचं नाही का?" त्यानं माझ्यासमोर त्याच्या फोनमधून तो तुकडा काढून टाकला. मी मान हलवली. काही जण म्हणतील, त्यानं माफी मागितली. मला तसं वाटलं नाही. "सांगायचं नाही का" हे वाक्य मी किती दिवस डोक्यात घेऊन फिरलो. त्यात तो बरोबर होता, म्हणूनच ते गिळता येत नव्हतं. म्हणजे अनोळखी म्हातारा असता तर चाललं असतं? त्याच दिवशी मी ठरवलं की त्याचं त्याच लोकांसमोर हसं करायचं. घाई करायची नाही. मार्क कमी पडू द्यायचे नाहीत. पण करायचं.

डिसेंबरात साताऱ्याकडे, मेढ्याच्या बाजूच्या डोंगरात गाड्यांची एक स्पर्धा भरणार होती. आधी सपाट माती, मग ओढा, मग दगडांचा चढ. सगळ्या जातींच्या गाड्या त्याच एका वाटेवरून जाणार. वेळ मोजायची, आणि गाडीला हात लावला की दर वेळी वेळेत भर. ऑगस्टमध्ये आमच्या गटाचं काम पाहणाऱ्या सरांनी विचारलं, कोण कुठली गाडी नेणार. कॅप्टन म्हणाला, बगी, तिला जरा उंच करू, मोठी चाकं घालू. मी म्हणालो, क्रॉलर.

"ते मेंढरू?" तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि त्यानं विषय बदलला. बाकीचे हसलेच.

क्रॉलरवर मी दोन महिने काम केलं. मोटर साधी कार्बनवाली ठेवली, कारण हळू चालताना ती गुळगुळीत ओढते. ब्रशलेस सुरुवातीला अडखळते. वजन खाली हवं म्हणून चाकांच्या रिंगांच्या आत शिशाच्या पट्ट्या लावल्या. अडचण टायरची होती. टायरमध्ये स्पंज असतो. तो कडक असेल तर टायर दगडावरून घसरतो, मऊ असेल तर कडेनं दुमडतो. मी तीन-चार तऱ्हेचे स्पंज कापून बघितले. मग गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो असताना आईनं उन्हात घातलेली लोकर दिसली, नुकती कातरलेली, काळी, तेलकट. मूठभर दाबली तर दबते, सोडली तर हळूच वर येते. स्पंजासारखी उसळत नाही. मी पिशवीभर मागितली. आई म्हणाली, "उशी करतोस व्हय?" मी म्हणालो, "चाकं." तिनं पुढं विचारलं नाही. कॉलेजच्या गोष्टी तिला विचारायच्या नसतात असं तिनं ठरवून टाकलं आहे.

लोकर मी धुतली नाही. तिच्या तेलकटपणामुळे ती पाणी पटकन धरत नाही. मधोमध सैल आणि कडेला दाबून भरली. खोलीतल्या विटांच्या ढिगावर गाडी चढवली तर टायर विटेच्या कोपऱ्याला मुठीसारखा धरत होता. त्या दिवशी मी एकटाच हसलो. वडिलांच्या मेंढरांची लोकर त्याच्या गाडीला हरवणार, हा विचार मला जेवणापेक्षा गोड लागत होता.

सरांनी मला आणखी एक काम दिलं होतं, सगळ्यांसमोर. वाटेत ओढा आहे, तेव्हा दोन्ही गाड्यांचा रिमोटचा इशारा पकडणारा रिसिव्हर आणि मोटरला वीज सोडणारा स्पीड कंट्रोलर पाणी लागणार नाही असे बंद करायचे. सोल्डरिंग आणि वायरिंग माझ्याकडे असायचं. मी क्रॉलरचं केलं. प्रत्येक सांधा सिलिकॉननं बुजवला, वर फुगा ओढला. बगीचं राहिलं. दसऱ्यानंतर करू असं मी स्वतःला सांगितलं. मुद्दाम ठेवलं असं तेव्हा मी म्हटलं नसतं.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असते. ती करतात वर्कशॉपमधले मामा. मदतनीस म्हणून ते तात्पुरत्या नेमणुकीवर आहेत, पण तिथलं एकही यंत्र त्यांच्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी ते पांढरी टोपी घालून येतात. लेथला झेंडूचा हार, ड्रिलला हार, ऐरणीवर नारळ. फुटलेल्या नारळाचं पाणी तांब्यात धरायचं आणि आंब्याच्या पानानं एकेका यंत्रावर शिंपडायचं, हळदकुंकू लावायचं. आमच्या गाड्या शेवटच्या टेबलावर मांडल्या होत्या. कॅप्टननं बगीची बॉडी काढून ठेवली होती, आतली निळी मोटर सगळ्यांना दिसावी म्हणून. गाडी लाकडाच्या ठोकळ्यावर उचलून ठेवली होती, बॅटरी जोडलेली, आणि चाकं हळूहळू फिरत होती.

"देवापुढं वाहन बंद ठेवायचं नसतं," तो म्हणाला.

मामा लेथपासून निघाले. नारळाचं पाणी साध्या पाण्यासारखं नसतं, त्यात क्षार असतात, ते वीज जास्त वाहून नेतं. हे मला माहीत होतं, आणि बगीचा कंट्रोलर उघडा आहे हेही माहीत होतं. लेथ झाला. ड्रिल झालं. शेपर, मिलिंग, वेल्डिंगचा संच. एवढ्या वेळात मी दहा वेळा बोलू शकलो असतो.

मामा टेबलाजवळ येऊन थांबले. "हिच्यावर टाकू का रं? करंट हाय न्हवं हिला?"

"टाका मामा. वाहन आहे ते, वाहनाला पाणी लागतंच," कॅप्टन म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काय रे, चालतंय ना?"

मी झेंडूच्या हाराचा गुंता सोडवत होतो. तो मी सोडवतच राहिलो. त्यानं एक क्षण वाट पाहिली, मग मामांना म्हणाला, "टाका."

मामांनी पानानं चार थेंब टाकले. काही झालं नाही. कॅप्टननं तांब्या हातात घेतला आणि थोडं पाणी स्वतः सोडलं. आधी वास आला. मग चाकं एकदम पूर्ण जोरात फिरली, बगी ठोकळ्यावरून सुटली, टेबलावरून उडाली आणि ग्राइंडरच्या पायावर जाऊन आदळली. तिच्या पुढच्या चाकाचा दांडा तुटला आणि मधून धूर येत राहिला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पावला गड्या देव." दोघं-तिघं हसले.

कॅप्टन माझ्याकडे पाहत होता. मीही पाहिलं. नजर मी काढली नाही. छातीत इतकं शांत वाटत होतं की त्याची मला नंतर भीती वाटली. पण नंतर. त्या वेळी फक्त शांत वाटलं.

ती गाडी त्याची नव्हती, कॉलेजची होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांनी चौकशी केली. त्यांनी त्याला बोलावलं, मामांना बोलावलं. मी वाट पाहत होतो. वायरिंग माझ्याकडे होतं, पाण्यापासून बंद करण्याचं काम माझ्याकडे होतं, विचारतील तेव्हा काय सांगायचं याची वाक्यं मी तयार केली होती. वेळ मिळाला नाही, हे पहिलं वाक्य. मला कुणी बोलावलंच नाही. तीन दिवसांनी फळ्यावर लागलं की तो यापुढे कॅप्टन नाही. मी ते उभ्या-उभ्या दोनदा वाचलं. मला वाटलं, चला, न्याय असतो. उशिरा येतो, पण येतो.

डिसेंबरात आम्ही एसटीनं साताऱ्याला आणि तिथून मेढ्याला गेलो. तो आला होता, स्वतःच्या घरची मॉन्स्टर घेऊन. खंडेनवमीपासून तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. आवाज तसाच असायचा, नेहमीचा.

डोंगराच्या पायथ्याशी भात निघालेली खाचरं होती, तिथली माती त्यांनी सपाट केली होती. पलीकडे ओढा, घोट्याएवढं पाणी, गोटे शेवाळलेले. मग काळ्या खडकांचा चढ. साताऱ्याची मुलं ट्रगी घेऊन आली होती, कऱ्हाडचे दोघं शॉर्ट कोर्स ट्रक घेऊन. आमच्या कॉलेजातून पंधरा-वीस जण बघायला आले होते. तेच, मैदानात हसलेले.

सपाटीवर सगळ्यांनी धूळ उडवली. ट्रगी ओढ्यात गोट्यांमध्ये बसली. शॉर्ट कोर्सच्या झाकलेल्या बॉडीत चिखल भरला आणि तिची चाकं घासायला लागली. मॉन्स्टर मात्र ओढा एका उडीत अर्धा पार करून गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चढ आला. मोठ्या चाकांची, उंच, वरती जड गाडी तिरप्या खडकावर काय करणार? पहिल्यांदा उलटली तेव्हा तिनं गॅस देऊन स्वतःला उभं केलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती घरंगळत खाली ओढ्यापर्यंत आली आणि चाकं वर करून पडली. त्याला हात लावावा लागला. मग पुन्हा, आणि पुन्हा. पाचव्यांदा तो स्वतःच हसायला लागला. ते मला आवडलं नाही. मला त्याचं तोंड पडलेलं पाहायचं होतं.

माझी पाळी शेवटची. सपाटीवर क्रॉलर निघाली तेव्हा आमच्याच मुलांनी "हुर्रर्र" केलं. मी शेजारून चालत होतो. ओढ्यात ती पाण्याखालच्या गोट्यांवरून एक एक चाक टाकत गेली. चढावर एका खडकाच्या कडेला पुढचं उजवं चाक टेकलं, टायर दबला, आतली लोकर दबली. मग ते चाक चढलं. मागचं चढलं. हाक मारणारे गप्प होत गेले. वर निशाणापर्यंत मी एकदाही हात लावला नाही. सपाटीवर मी सगळ्यांत मागे होतो, पण हात लावण्याची भर धरल्यावर माझा वेळ सगळ्यांत कमी निघाला.

तो वर चढून आला. हात पुढे केला. "भारी चालवलीस." मी खाली वाकलो आणि गाडी उचलायला लागलो. बराच वेळ उचलत होतो. उठलो तेव्हा तो गेला होता.

मॉन्स्टर ओढ्यात उताणी पडलेली मी मोबाईलवर घेतली होती. परतीच्या एसटीत बसल्या-बसल्या मी त्यावर तेच मेंढरांचं बें-बें चिकटवलं आणि त्याच ग्रुपवर टाकलं. पुढच्या सीटवर फोन वाजले, मुलं हसायला लागली, माना वळवून त्याच्याकडे बघायला लागली. ते हसणं मी एक एक करून ऐकलं. माझ्या पाठीमागे दहा महिने जे चाललं होतं ते आता दुसऱ्याच्या पाठीमागे होतं. हे गोड नव्हतं असं मी म्हणणार नाही. इस्लामपूर येईपर्यंत मला त्याहून चांगलं काही सुचत नव्हतं. मग त्या तुकड्याखाली त्यानं स्वतः हसण्याचं चिन्ह टाकलेलं दिसलं, आणि मी फोन खिशात ठेवला.

मेमध्ये शेवटच्या वर्षाच्या परीक्षा संपल्या. त्याला पुण्यात नोकरी लागली होती, तो निघूनही गेला. मी वर्कशॉपची वही मामांकडून घ्यायला गेलो. आत गरम होत होतं, पंखा बंद होता, मामा लेथपाशी स्टूल टाकून चहा पीत होते. बशीत ओतून अर्धा त्यांनी मला दिला.

"गेला व्हय रं तुझा दोस्त पुन्याला?"

"दोस्त न्हाई माझा."

मामा कपावरून माझ्याकडे बघत राहिले. "आसं कसं म्हणतोस? त्यानं तर तुला वाचवलं. मला बी."

मी म्हणालो, कसलं वाचवलं.

"तुला म्हाईतच न्हाई व्हय? खंडेनवमीचं." त्यांनी कप खाली ठेवला. "सर लय तापलं हुतं. म्हनलं, मामा, यंत्रावर पानी कुनी टाकलं, लिवून द्या. माझी नोकरी काय, कागदावरची. गेलीच हुती. मग ह्यो पुढं आला. म्हनला, पानी मी टाकलं, मामांनी न्हाई. मग सर म्हनलं, त्या दुसऱ्या पोराला बोलवा, वायरिंग त्याच्याकडं हुतं, त्यानं काम का केलं न्हाई, त्याला काढतो गटातनं. तवा ह्यो काय म्हनला म्हाईत हाय?"

मी मान हलवली.

"म्हनला, सर, त्याला बोलवू नका. त्यानं काम ठेवलं ते मीच थांबवलं म्हनून. आन् पूजेच्या आधी त्यानं मला दोनदा सांगितलं हुतं, हिला पानी लावू नको. मीच ऐकलं न्हाई." मामांनी कप उचलला. "मी तितंच हुतो न्हवं. माझ्यासमोर म्हनला. मला वाटलं, माझ्या माघारी सांगितलं असशील तू."

मी एकदाही सांगितलं नव्हतं.